बाप्तिस्म्याचं टायमिंग

२६ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. वय चौपन्न झालं, डोक्यात जे आहे ते कुठेतरी उतरवून ठेवलेलं बरं. कोणी वाचेल ही भीती नाही. बायकोला, डोम्नाला, वाचता येत नाही. मित्राला, मालखोसला, येतं, पण तो कुंभार आहे, रांजणांवरचे शिक्के सोडून दुसरं काही वाचत नाही.

आज चर्चमध्ये पुन्हा तेच. ईस्टरला सात आठवडे राहिले, ज्यांना यंदा बाप्तिस्मा घ्यायचाय त्यांनी उद्यापासून नावं द्या, असं बिशपांनी सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघितलं. मी मालखोसकडे बघितलं. मालखोसने छताकडे बघितलं. एकतीस वर्षं हे असंच चाललंय.

मग वाचन संपलं आणि डीकन बासोस, बिशपांचा मदतनीस, ओरडला की अजून पाण्यात न उतरलेल्यांनी बाहेर व्हावं. आम्ही सगळे उमेदवार बाहेर. दार बंद, आतून कडी. त्यानंतर आत काय चालतं ते बाप्तिस्मा झालेल्यांनी बाहेर बोलायचं नाही, असा कडक नियम आहे. डोम्ना आतच राहते. मी आणि मालखोस चर्चसमोरच्या माझ्या दारूच्या दुकानात जाऊन बसतो.

२७ फेब्रुवारी, सोमवार

प्लॅन एकदा लेखी असू दे.

पाण्यात उतरलं की आधीची सगळी पापं धुतली जातात. लहान, मोठी, आठवणारी, न आठवणारी. हे मी म्हणत नाही, बिशप म्हणतात. पण त्यानंतर मोठं पाप केलं तर माफी एकदाच. तीही गोणपाट नेसून, चर्चच्या दारात वर्षानुवर्षं रडत उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पाया पडून. म्हणजे आयुष्यात धुलाई एकच. मग शहाण्या माणसाने ती कधी करावी? पुरतं मळून झाल्यावर. ख्रिस्ती झालेल्या पहिल्या थोरल्या सम्राटांनी हेच केलं. आयुष्यभर राज्य केलं, लढाया केल्या, घरातलीही एकदोन माणसं कमी केली म्हणतात, आणि शेवटच्या दुखण्यात बाप्तिस्मा घेऊन पांढऱ्या कपड्यात सरळ वर गेले. सगळा खेळ टायमिंगचा.

माझी तयारी पूर्ण आहे. पांढरं वस्त्र दहा वर्षांपूर्वी शिवून पेटीत ठेवलंय, काठाला डोम्नाने वेल भरलाय. वैद्य निकॉनला सांगून ठेवलंय की जराही शंका आली तर तीन दिवस आधी स्पष्ट बोलायचं, भीड धरायची नाही. आणि मालखोसशी करार आहे. दोघांपैकी जो आधी अंथरूण धरेल त्याच्यासाठी दुसऱ्याने पळत जाऊन धर्मगुरूंना आणायचं. तेलवाला सेवेरोस छपरावरून पडला आणि जागीच गेला, त्याचं वस्त्र पेटीतच राहिलं. तेव्हापासून मी छपरावर चढत नाही. कौलं डोम्ना बघते.

यंदा चाळीस मूर्ख नावं देणार म्हणे. रोज सकाळी धडे, संध्याकाळपर्यंत उपास, ईस्टर जवळ येईपर्यंत अंघोळ नाही. शर्यती बंद, नाटक बंद. शिवाय अंगातली भुतं जावीत म्हणून रोज कोणीतरी तोंडावर फुंकर मारणार. धडधाकट प्रकृतीत हे सगळं कशाला, मला कळत नाही.

४ मार्च, शनिवार

धंद्याबद्दल दोन शब्द. मी दारूत, म्हणजे द्राक्षारसात, पाणी घालतो. आमच्या अंत्युखिया शहरात गिऱ्हाईक पेल्यात पाणी घालूनच पितं. मी ते आधीच घालून त्याचे कष्ट वाचवतो. हे पाप आहे, मान्य. पण ते धुलाईला जाणारंच आहे, मग आत्तापासून हात आखडून काय मिळणार?

दुकानात मागे तीन रांजण. पहिल्यात चांगली, ओळखीच्या आणि सरकारी माणसांसाठी. दुसऱ्यात बरी. तिसऱ्यात दारू आठवणीपुरती. तो फुकट्यांसाठी.

दर शनिवारी डोम्ना चर्चसाठी म्हणून छोटी सुरई भरून मागते. चर्चमध्ये विधवांना जेवण असतं, त्यासाठीच असणार. मी स्वतः भरून देतो, तिसऱ्या रांजणातून. म्हाताऱ्या बायका, उगाच डोक्यात जायला नको. डोम्ना सुरईकडे बघते, माझ्याकडे बघते, आणि काही न बोलता घेऊन जाते. एकतीस वर्षांत एकदा कुरकुर नाही. असा विश्वास हल्ली संसारात दिसत नाही.

५ मार्च, रविवार

पुन्हा बाहेर.

आत काय चालतं याबद्दल माझे अंदाज पक्के आहेत. वाचनांवरून एवढं कळतं की भाकरी आणि द्राक्षारस असतो. पण भाकरी-द्राक्षारसासाठी कोणी आतून कडी लावत नाही. कोकरू असणार. आणि द्राक्षारस कुठला? तो मात्र अस्सल असणार. डोम्ना परत येते तेव्हा मी तिच्या श्वासाचा वास घेतो. मी, ज्याला डोळे मिटून नुसत्या वासावर गाव सांगता येतं, मला एकतीस वर्षांत तो ओळखता आलेला नाही. इतका सौम्य, इतका लांबचा. बेटांवरचा असावा.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. शहरात माझ्यासारखा जाणकार असताना चर्चने आजवर मला एक ऑर्डर दिलेली नाही. मी कधी बोलून दाखवलं नाही. पण बासोस समोर दिसला की मी जरा ताठ उभा राहतो.

तसे लोक मला मानतात. दार उघडून बाहेर येताना प्रत्येक जण माझ्याकडे बघून हसतो. वेगळंच हसतात, डोळ्यांतून. दूरदृष्टीच्या माणसाकडे बघतात तसं.

मालखोस आज गप्प होता. नोव्हेंबरात त्याची बायको अम्मिया गेली, तेव्हापासून असाच आहे. पेला समोर, हात लावला नाही. एकदम म्हणाला, "झेब्या, दार लावल्यावर आत ते किती वेळ असतात रे?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय? तू पी." तो म्हणाला, "अम्मिया सव्वीस वर्षं त्या दाराच्या आत राहिली आणि मी बाहेर." मी विषय बदलला. दुःखी माणसाला बोलू देऊ नये.

१२ मार्च, रविवार

डोम्ना आज अचानक म्हणाली, "यंदा तरी नाव द्यायचं होतंत." मी तिला शांतपणे समजावलं की शहरात सध्या तीन बिशप आहेत. पिता आणि पुत्र अगदी बरोबरीचे, की पुत्र बोटभर खाली, यावरून तिघांचं भांडण आहे. पन्नास वर्षांपूर्वी तीनशे बिशपांनी एकत्र बसून हे मिटवलं, आणि मिटवल्यापासून ते वाढतच चाललंय. परवा मासळीवालीने मासा कापता कापता मला विचारलं, "तुम्ही बरोबरीवाले की बोटभरवाले?" आणि उत्तर ऐकून शेपटीकडचा तुकडा दिला. अशा परिस्थितीत घाईने कोणाच्या तरी हातून पाणी घेणं धोक्याचं आहे. आधी त्यांचं ठरू दे.

डोम्ना म्हणाली, "त्यांचं ठरेपर्यंत तुम्ही टिकणार का?" मी म्हटलं, निकॉन तीन दिवस आधी सांगणार आहे. त्यावर, "मरण काय तुमच्या वैद्याची परवानगी घेऊन येतं?" बायकांना नियोजन समजत नाही.

१७ मार्च, शुक्रवार

मालखोसचं काहीतरी बिनसलंय.

बुधवारी आला नाही. आज आला पण पेला पालथा घातला, पोट बिघडलंय म्हणे. रोज सकाळी त्याची भट्टी बंद असते. विचारलं तर म्हणतो, माती आणायला जातो. रथांच्या शर्यतीला चल म्हटलं, गेली वीस वर्षं आम्ही हिरव्यांच्या बाजूने एकत्र ओरडतोय, तर म्हणे घसा बसलाय. आणि रविवारी तो माझ्याबरोबर बाहेर पडत नाही. मी बाहेर येऊन बराच वेळ थांबतो, मग हा येतो. गुडघे दुखतात, हळू चालतो, असं सांगितलं.

शिवाय त्याच्या अंगाला वास येतोय. हमामाकडे फिरकलेला दिसत नाही. हमामवाल्याशी भांडला असेल.

२४ मार्च, शुक्रवार

उलगडा झाला. मालखोस लग्न करतोय!

सगळं जुळतं. सकाळी गुपचूप जाणं, जेवण तोडणं (बारीक होतोय, कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला), माझ्यापासून तोंड लपवणं. आज मुद्दाम विचारलं, "नवीन आयुष्य सुरू करायचा विचार दिसतोय." तो दचकला. म्हणाला, "तुला कोणी सांगितलं?" मी फक्त हसलो. तो म्हणाला, "झेब्या, तुला राग नाही ना? मला तुला सांगायचं होतं, पण जीभ वळेना." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "माल्क्या, या वयात धाडस केलंस, मी तुझ्या पाठीशी आहे." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण ते वासाने.

एकच अडचण, अंघोळ न करणाऱ्या माणसाला होकार देणारी बाई कोण असेल?

१ एप्रिल, शनिवार

लग्नासाठी पहिल्या रांजणातली दारू बाजूला काढून ठेवली. पाणी अजिबात नाही. जिवलग मित्राचं एकदाच असतं. दुसऱ्यांदा, पण तरी. भाषण तयार करतोय.

डोम्नाला सांगितलं की मला मालखोसचं सगळं कळलंय. ती हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. "आणि तुम्हाला चालतंय?" म्हणाली. मी म्हटलं, न चालायला काय झालं, मीच त्याच्या जागी असतो तर केव्हाच केलं असतं. ती येऊन माझा हात धरून बसली. लग्नाबिग्नाच्या विषयाने बायका हळव्या होतात.

१६ एप्रिल, ईस्टरचा रविवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

पहाटेपर्यंत डोम्ना चर्चमध्ये होती. मी घरी झोपलो. सकाळी नवे बाप्तिस्मा झालेले लोक पांढऱ्या कपड्यांत रांगेने बाहेर येतात, ते बघायला दरवर्षीप्रमाणे गेलो. चाळीस मूर्ख मोजत होतो. एकोणतिसावा मालखोस.

अंघोळ केलेला. डोक्याला तेल लावलेला. हातात मेणबत्ती. आणि अंगात माझं वस्त्र. माझं! काठाला वेल. त्याला लांब होत होतं म्हणून टाचणीने वर घेतलं होतं.

तो माझ्याकडे बघून लहान मुलासारखा हसला. त्याला वाटत होतं मला माहीत आहे. डोम्नालाही वाटत होतं मला माहीत आहे. मी भर रस्त्यात विचारलं, "नवरी कुठाय?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

घरी आल्यावर डोम्ना म्हणाली, "त्याच्याकडे पांढरं नव्हतं. तुमचं दहा वर्षं पेटीत झोपलंय. तुम्हीच म्हणालात तुम्हाला चालतंय." एकतीस वर्षांची मैत्री, एकतीस वर्षांचा संसार, दहा वर्षांचं वस्त्र. एका सकाळीत तिन्ही गेली.

२३ एप्रिल, रविवार

बासोस ओरडला. मी बाहेर पडलो. मागे वळून बघणार नव्हतो, बघितलं. मालखोस आत डोम्नाच्या पलीकडे उभा होता. माझ्याकडे बघत होता. दार लागलं.

बाहेर आम्ही चौदा उमेदवार. बाकीचे तेरा विशी-पंचविशीतले, पायऱ्यांवर बसून हिरवे जिंकणार की निळे यावर वाद घालत होते. मी दुकानात जाऊन दोन पेले मांडले. मग एक उचलून ठेवला.

२५ एप्रिल, मंगळवार

मालखोस आला होता. वस्त्र धुऊन, घडी घालून आणलं होतं. छातीवर मातीचा डाग, तो काही गेलेला नाही. मी दुकान झाडत राहिलो. तो उभाच. शेवटी म्हणाला, "झेब्या, एक ऐकशील? तू दारूत पाणी घालणं सोड रे." बाप्तिस्म्याला दहा दिवस झाले नाहीत आणि हा मला शिकवतोय! मी विचारलं, का, तुला आतल्या आत कोणी संत केलं का? त्याने तोंड उघडलं, मिटलं, म्हणाला, "मला सांगता येत नाही." मी म्हटलं, "मग चालू लाग."

निश्चय: आयुष्यात पुन्हा मालखोसशी बोलायचं नाही. करार रद्द. धर्मगुरूंना आणायला दुसरा माणूस बघणे.

९ मे, मंगळवार

ताप. काल खारवलेली मासळी खाल्ली.   निकॉन आला, नाडी बघितली, जीभ बघितली, भिंतीकडे बघितलं. मी म्हटलं, स्पष्ट बोल. तो म्हणाला, "तीन दिवस." आपला प्लॅन किती अचूक होता!

दुसरा माणूस बघायचा राहिला.

१० मे, बुधवार

झालं. थोडक्यात लिहितो, शक्ती नाही.

मालखोस आला. कोणी बोलावलं ठाऊक नाही. धर्मगुरूंना ओढत घेऊन आला, धापा टाकत. एका पायात चप्पल नव्हती. मी बोललो नाही, करार रद्द असल्याचं त्याला माहीत नव्हतं.

आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नकार द्यायचा, मग पूर्वेकडे वळून ख्रिस्ताला होकार. मला वळवेना, म्हणून चौघांनी खाटच फिरवली. खाटेचा एक पाय मोडला. सैतानाला नकार मी सरळ दिला, होकार तिरका पडून. धर्मगुरूंनी विचारलं, पित्यावर विश्वास आहे? आहे. पुत्रावर? आहे. मी पुढे विचारलं, "बरोबरीचा की बोटभर?" ते म्हणाले, "झेबिनास, पाणी निवतंय." तीनदा डोक्यावर पाणी. वस्त्र घातलं. मातीचा डाग बरोबर छातीवर.

आता मी निष्पाप आहे. चौपन्न वर्षांत एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. या क्षणी गेलो तर हिशेबात एक डाग नाही. लवकर व्हावं.

१२ मे, शुक्रवार

भूक लागली.

१३ मे, शनिवार

बरा झालो. फसवणूक!

निकॉनला बोलावून जाब विचारला. तो म्हणतो, "तुम्हीच म्हणालात जराही शंका आली तर सांग. मला जराशी आली होती." डोम्ना म्हणाली, "तिसऱ्या दिवशी उठलात, तक्रार कसली करता?" आणि तोंडाला पदर लावून हसली.

म्हणजे माझी एकुलती एक धुलाई वापरून झाली, आणि आयुष्य अजून शिल्लक आहे. किती आहे हेही माहीत नाही. यापुढे खोटं नाही, शर्यती नाहीत, नाटक नाही. सकाळपासून तीन वेळा रागावलो, ते मोजतात का हे विचारायचंय. त्यात आज कळलं की अंथरुणावर भीतीपोटी बाप्तिस्मा घेतलेल्याला धर्मगुरू होता येत नाही. मला कधीच व्हायचं नव्हतं, पण होता येणार नाही म्हटल्यावर जिवाला लागलं.

डोम्नाने सुरई पुढे केली. सवयीने भरून दिली.

१४ मे, रविवार

आज बासोस ओरडला तेव्हा मी सवयीने उठलो. डोम्नाने हात धरून खाली ओढलं. ते तेरा जण बाहेर गेले. दार बंद झालं. आतल्या बाजूने ते कसं दिसतं ते पहिल्यांदा बघितलं. कडी जुनी आहे, बासोसला दोनदा आपटावी लागते.

कोकरू नव्हतं.

मेजावर भाकऱ्या. शेजारी लोकांनी घरून आणलेल्या सुरया, दहाबारा. त्यांत आमची, मान जरा वाकडी, मालखोसच्या हातची. ती विधवांसाठी बाजूला ठेवतील म्हणून मी बघत राहिलो. बासोसने बाकीच्या सगळ्या बाजूला ठेवल्या आणि आमची उचलून प्याल्यात ओतली.

मग प्याला फिरायला लागला आणि नावं वाचली. मेलेल्यांची. इथे, दाराच्या आत, दर रविवारी. "अम्मिया, मालखोसची बायको," असं बासोस म्हणाला, आणि मालखोसचे ओठ त्याच्याबरोबर हलले. नोव्हेंबरपासून हे नाव इथे घेतलं जात होतं, आणि हा बाहेर माझ्यासमोर पेला धरून बसलेला असायचा. आत ते किती वेळ असतात, हे त्याने मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, तू पी.

प्याला माझ्यापर्यंत आला. मी डोळे मिटून घोट घेतला, गाव ओळखायला.

तिसरा रांजण.

बाहेर पायऱ्यांवर मालखोसने सगळं सांगितलं, आता सांगता येतं म्हणून. अम्मियाचं नाव आत घेतात हे त्याला डोम्नानेच सांगितलं होतं. प्याल्यात द्राक्षारस ओतल्यावर डीकनने थोडं पाणी घालायचं असतं, तशी रीत आहे. डोम्नाची सुरई असली की बासोस घालत नाही. गरज पडत नाही. ती म्हाताऱ्यांना सोसते, कोणाच्या डोक्यात जात नाही, म्हणून वर्षानुवर्षं मेजावर तीच असते. इतरांच्या घरची चांगली दारू विधवांकडे जाते. मालखोसला पहिल्याच घोटाला कळलं होतं. "रांजण मीच केलाय रे," तो म्हणाला.

म्हणजे ते सगळे. एकतीस वर्षं. दर रविवारी माझं पाणी पिऊन बाहेर यायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. आणि मी ताठ उभा राहायचो.

घरी डोम्नाला विचारलं, एका शब्दाने का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "नियम आहे. कशी सांगणार?" मग मालखोसला अम्मियाच्या नावाचं कसं सांगितलंस? ती म्हणाली, "त्याने विचारलं, तिची आत कोणी आठवण काढतं का. मला खोटं बोलवेना. तुम्ही आजवर एकच विचारलंत, आत खायला काय देतात." मग बराच वेळ भांडी लावत होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "दर शनिवारी मी बघायचे, आज तरी हात पहिल्या रांजणाकडे जातो का."

माझा विश्वासघात झालाय, एवढं नक्की. कोणी केला ते उद्या ठरवतो.

२० मे, शनिवार

मनाशी ठरवून पहिल्या रांजणातून सुरई भरली. थेंबभरही पाणी नाही. मालखोसच्या लग्नासाठी काढलेलीच. काठोकाठ भरली. डोम्नाने सुरईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.  दारात जाऊन परत आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली.

तिसरा रांजण मोरीत ओतला. नवा माणूस, नवा धंदा. उद्या सगळ्यांना कळेल की झेबिनास कोण आहे.

२१ मे, रविवार

कळलं.

बासोसने सवयीने पाणी घातलं नाही. पहिल्या रांगेत ऐंशी वर्षांची काल्लिस्ता, तिने रोजच्यासारखा मोठा घोट घेतला. डोळे मोठे झाले. तिला खांबाला टेकवून बसवावं लागलं. मागचे दोघे ठसकले. नावं वाचताना बासोसची जीभ अडखळली, आणि त्याने एका जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत घेतलं. तो माणूस जागेवरून ओरडला. बाहेर येताना आज कोणी माझ्याकडे बघून हसलं नाही. काल्लिस्ता तेवढी हसत होती, पण ती सगळ्यांकडेच बघून हसत होती.

मी खरं वागलो आणि एका माणसाने पाठीवर थाप मारली नाही. मालखोस माझ्या शेजारून चालत होता, खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय.

२२ मे, सोमवार

सकाळी डीकन बासोस स्वतः दुकानात आला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. मी ताठ उभा राहिलो, मग आठवलं आणि खांदे सोडले.

तो जरा लाजत म्हणाला, "झेबिनासराव, कालची फारच उत्तम होती हो. पण आमच्याकडे पाणी घालायची सुरईच नाही. बारा वर्षांपूर्वी फुटली, लागत नव्हती म्हणून नवी केलीच नाही." मालखोस तिथेच बसला होता. म्हणाला, मी करून देतो, पण भट्टीचा घुमट पडलाय, दुरुस्तीला महिना लागेल. बासोस म्हणाला, हरकत नाही, आणि माझा हात धरला. "तोवर आमच्यासाठी वेगळा रांजण लावा. दर रविवारी एक सुरई. पण आधीसारखीच द्या. प्रमाण तुमच्या हाताला बरोबर बसलंय."

मी विचारलं, हे पाप धरलं जाईल का? तो म्हणाला, आम्हीच सांगतोय म्हटल्यावर कसं धरतील?

मालखोसने दोन पेले मांडले. मी मोरीजवळ जाऊन रिकामा तिसरा रांजण उचलून आणला, पुसला, आणि डोम्नाला हाक मारून सांगितलं की शेवटी चर्चची ऑर्डर आली.

ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग विहिरीवरून पाणी आणा."